नाव ठेवण्याआधी

(विन्स्लो, ॲरिझोना)

बस, डेल्फिना. टोबायस, तू ते स्टूल ओढ.
जपून, त्याचा एक पाय आखूड आहे.
दाराला फट आहे, वाळू आत येतेच.
चाळीस वर्षं मी तिला झाडतोय
आणि ती मला.

“खरा आहे ना?” हा प्रश्न जरा खिशातच ठेव.
आधी हे भिंग धर, पापणी टेकेल इतकं जवळ.
आता खडा भिंगाकडे आण, भिंग खड्याकडे नाही.
समोरून सगळं एकेरी.
आता किंचित कलता कर.
दिसलं?
खालच्या पैलूंची कड न् कड दोनदा,
मालगाडी जाताना काच थरथरते
आणि बाहेरच्या खांबाचे दोन खांब होतात, तशी.
हिऱ्यात असं दिसत नाही.
हिरा एकदाच बोलतो.

हा मॉइसनाइट.
थोडं वाळूतलं, थोडं कोळशातलं,
दोन हजार अंशांच्याही वर
भट्टीत वाफ झालेलं
आणि वाफेचा सावकाश पुन्हा दगड.

पश्चिमेला ते विवर आहे ना,
शाळेच्या सहलीत जिथं तू ओकली होतीस,
(तुझी आई सांगायची, मी नाही)
तिथं कधीकाळी आभाळातून लोखंड कोसळलं.
त्याच्या एका तुकड्यात
कुणा फ्रेंच माणसाला हे कण मिळाले.
त्यालाही आधी ते हिरेच वाटले.
पुढे त्याचंच नाव ठेवलं या खड्याला,
आणि आता लोक
खड्याला नावं ठेवतात.

दागिन्यातला मात्र आभाळातला नसतो.
कुणी तसं सांगून विकू लागला
तर पैसे खिशात घाल आणि ऊठ.

तू दवाखान्यात रक्त काढतेस,
दिवसातून पन्नासदा हातमोजे चढणार, उतरणार.
याला सहजी चरा पडत नाही, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल.
हाताच्या तेलानं मंदावला तर
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश.
वजनाला हलका, म्हणून कॅरेट विचारू नकोस,
मिलिमीटर विचार.
आणि उन्हात बघ, पार्किंगमध्ये जाऊन.
दुकानातले दिवे माझ्या बाजूचे असतात.
तिथं हा हिऱ्याहून जास्त रंग उधळेल.
कुणाला ते आवडतं,
कुणाला जत्रेतला पाळणा वाटतो.
परत विकायला आणलास
तर मी फारसं काही देणार नाही.
हे आजच सांगितलेलं बरं.

तो? तो डबीतला विकायचा नाही.

नव्याण्णव साल. तपकिरी जाकिटातला एक माणूस,
म्हणाला, बायकोची अंगठी.
मी पेन टेकवलं, पेन वाजलं.
त्या पेनला फक्त उष्णता कळायची,
आणि हाही ती हिऱ्यासारखीच वाहून नेतो.
मी नऊशे डॉलर मोजून दिले.
आठ दिवसांनी सहज कलता केला
आणि कड दोन झाली.
व्हर्नाला बोललो नाही.
पण वही तिच्याकडे असायची.
ती गेल्यावर चाळली,
तर त्या तारखेपुढं तिच्या अक्षरात:
“शिकवणी, नऊशे.”

हसतेस काय?

हा? हाच बसवायचा?
टोबायस, तू तरी काही बोल.
अगं, कडेला बारीकशी टवका आहे, ही बघ,
सोन्याच्या नखीखाली जाईल म्हणा…

बरं.
सोन्याचे आणि मजुरीचे घेईन.
खड्याची फी केव्हाच भरून झालीये.
पावतीवर मात्र पूर्ण नाव लिहीन,
मॉइसनाइट, प्रयोगशाळेत वाढवलेला,
माझं अक्षर वाईट आहे, वाचून घे.

गुरुवारी या, पाचनंतर.
आणि दार जरा ओढून घ्या जाताना.
वाळू.